मांडवाचं गाऱ्हाणं

टेपचं एक टोक सबनीस नावाच्या माणसाच्या हातात होतं आणि दुसरं आप्पा गावकरांनी धरलं होतं. आप्पा म्हणजे आमच्या हडवेळ गावचे पहिले मानकरी. घरात पाण्याचा तांब्यासुद्धा त्यांना हातात आणून द्यावा लागतो. ते आप्पा भल्या सकाळी रवळनाथाच्या सभामंडपात ओणवे होऊन खांबाचा घेर मोजायला एका परक्या माणसाला मदत करत होते. मी पायरीवरच थांबले.

"अण्णा, हो कोण?" मी विचारलं.

"आसतलो कोणतरी पावणो," अण्णा म्हणाले.

"पावणो खांब कित्याक मोजता?"

"चांगला लाकूड बघला काय माणसाक हात लावूचो वाटता, वसू," असं म्हणून अण्णा वर छताकडे बघत पुढे गेले. माझ्या वडिलांना सगळं जग आपल्यासारखंच वाटायचं. एखादा माणूस लाकडाला हात लावतोय म्हणजे त्याचं लाकडावर प्रेमच असणार.

आम्ही मेस्त्री, गावचे सुतार. रवळनाथाचा तो मंडप माझ्या पणजोबांनी, त्यांच्या भावांनी आणि मग आजोबांनी घडवला होता. देऊळ समुद्रात शिरलेल्या कातळावर आहे. भरतीला पाणी खालच्या पायऱ्यांना लागतं. खारं वारं लोखंड खातं, म्हणून अख्ख्या मंडपात एकही खिळा नाही. फणसाचे खांब, फणसाच्या तुळया, आणि सगळं लाकडी खुंट्यांनी एकमेकांत अडकवलेलं. खांबांवर वेली, घुमट नावाचं मातीचं वाद्य वाजवणारे गंधर्व, हत्ती, आणि छताखालच्या पट्टीवर सगळं रामायण. त्यात सेतू बांधण्याचा देखावा मला लहानपणापासून सगळ्यात प्रिय. आमच्या पणजोबांनी लंका पाहिली नव्हती, पण समुद्र पाहिला होता. त्यामुळे वानर दगड टाकताहेत आणि खालून पापलेटं, खेकडे आणि एक कासव मान वर करून हा काय प्रकार चालला आहे ते बघताहेत. सकाळी समुद्रावरून तिरपं ऊन आत आलं की ते मासे हलल्यासारखे दिसायचे.

जत्रेच्या आधी एका सकाळी मेस्त्र्यांच्या घरातल्या माणसाने या सगळ्या लाकडाला उंडीचं तेल लावायचं, असा आमचा मान. मान म्हणजे काम. दिवसभर शिडीवर चढून फडक्याने एकेक पाकळी पुसायची. मी अण्णांची एकुलती मुलगी, लग्न होऊन सावंतवाडीला गेलेली. आई गेल्यापासून त्या सकाळी तेलाचा डबा घेऊन अण्णांबरोबर जायला मीच येत असे. त्या वर्षीही त्याचसाठी आले होते. पण देवळासमोर अख्खा गाव जमला होता आणि चिंचेखाली एक रिकामा ट्रक उभा होता.

ट्रक कशासाठी आला ते मला लगेच कळलं, कारण आदल्या संध्याकाळीच अण्णांनी मला शाळेतल्या बैठकीचं सांगितलं होतं. आप्पांनी तिथे गावापुढे विषय मांडला होता की लाकडी मंडप जुना झाला, वाळवी लागेल, आजूबाजूच्या गावांनी स्लॅबचे मंडप बांधून वर रंगीत कळस चढवले आणि आपणच मागे राहिलो. मुंबईचे कुणी सबनीस साहेब आपल्या किनाऱ्याला हॉटेल बांधताहेत, त्यांना हा मंडप हवा आहे. तो उतरवून नेऊ द्या, ते बदल्यात नवा बांधून देतील. फरशी, पंखे, सगळं. त्यावर बैठकीत गोंधळ झाला. तांडेलवाडीतला बाबल तांडेल टेबलावर हात आपटून नाही म्हणाला. अण्णा सहसा बैठकीत बोलत नाहीत, तेसुद्धा उठून म्हणाले, "मी जितो आसंय तवसर ह्यो मांडव हलाचो नाय." निम्म्याहून जास्त गाव त्यांच्या बाजूने झाला. तेव्हा आप्पा शांतपणे म्हणाले, "बरा तर. देवाच्या कानार घालूया," आणि बैठक संपली. अण्णांना वाटलं, विषयही संपला.

मी डबा खाली ठेवला आणि सरळ सबनीसांकडे गेले. माणूस सभ्य होता. त्याने हसून नमस्कार केला.

"फार सुंदर काम आहे हे," तो म्हणाला. "इथे कोपऱ्यात पडलंय. आमच्याकडे त्याला योग्य जागा मिळेल. खालून दिवे सोडले ना, की एकेक आकृती उठून दिसेल."

"आणि मंडपाखाली काय करणार?"

"डायनिंग," तो म्हणाला.

माझ्या डोळ्यांपुढे रामाच्या सेतूखाली कोलंबीच्या ताटल्या आल्या. मी काही बोलणार, एवढ्यात आप्पा मध्ये आले. "वसू, इलंस तू? बरा झाला. बायका थय हत, तू जा बघू थय. गाऱ्हाणा सुरू जातला."

गाऱ्हाणं म्हणजे काय, ते कोकणाबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. मानकरी हातात नारळ घेऊन देवासमोर उभा राहतो आणि सगळ्या गावाच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलतो. प्रत्येक वाक्याला मागचे सगळे पुरुष एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा." लहान मुलगा बोलायला शिकतो तो आई, बाबा आणि व्हय म्हाराजा. यात विचार करायचा नसतो. मानकऱ्याचा सूर जरा वर जाऊन खाली आला, की होय आपोआप तोंडातून पडतो. आमच्याकडे बायकांनी मात्र डाव्या हाताला, मंडपाच्या खालच्या पायरीपाशी उभं राहायचं आणि गप्प राहायचं. लहानपणी मला याचा राग यायचा. त्या दिवशी त्याचा एक फायदा कळला. ज्यांना होय म्हणायचं नसतं, त्यांना ऐकायला सवड मिळते.

आप्पांनी नारळ उचलला. त्यांचा आवाज सुंदर आहे, हे शत्रूलाही कबूल करावं लागेल.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे इली हत."

"व्हय म्हाराजा."

"तेंच्या पोराबाळांक, गुराढोरांक सुखी ठेव."

"व्हय म्हाराजा."

"दर्यार गेलेली होडी सांभाळून घराक हाड."

"व्हय म्हाराजा." हे तांडेलवाडीच्या लोकांनी जरा जोरातच म्हटलं.

"जो आडो पडलो हा, तेका उभो कर. जो उभो आसा, तेका वाट दाखय."

"व्हय म्हाराजा."

"आणि हो तुझो जुनो मांडव आता थकलो हा, तेका आमी मोकळो करतंव, आणि सबनीस सायबांच्या हातात तुझो प्रसाद म्हणान देतंव, ता गोड मानून घे."

"व्हय म्हाराजा."

"तेच्या जागेर सायब नवो मांडव बांधून देतले, ता काम सुखान पार पाड."

"व्हय म्हाराजा."

सूर तोच. गती तीच. पोराबाळांचं सुख मागताना होता तसाच आवाज मंडप देऊन टाकताना होता. मी पुरुषांकडे बघत होते. डोळे मिटलेले, हात जोडलेले, ओठ आपोआप हलणारे. त्यांत पुढच्या रांगेत अण्णा. शाळेत उठून नाही म्हणालेल्या माझ्या बापाने डोळे मिटून भक्तिभावाने होय म्हटलं. दोनदा म्हटलं. मी "अण्णा" अशी हाक मारली, पण ढोल सुरू झाला आणि नारळ फुटला.

लोक डोळे उघडून प्रसादासाठी हात पुढे करू लागले. आप्पा वळले आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "झाला. देवासमोर गावान व्हय म्हटला. आता कोणाच्या मनात काय किंतु नको. आज मुहूर्त बरो आसा, काम सुरू करूया."

"कसला काम?" बाबल तांडेलने विचारलं. त्याचा प्रसादासाठी पसरलेला हात तसाच होता.

"मांडव उतरवूचा."

"तेका कोणी व्हय म्हटला?"

"तूच म्हटलंस, बाबल. आता, माझ्या मागसून. जोरान म्हटलंस."

खिसा कापला गेल्यावर माणूस आधी स्वतःचेच खिसे चाचपतो, तसे लोक एकमेकांची तोंडं बघू लागले. काय म्हणाले होते आप्पा? कोणालाच नीट सांगता येईना. एकाला प्रसाद एवढा शब्द आठवत होता, दुसऱ्याला सायब.

"आप्पानू, शाळेत आमी नाय म्हटला होता," बाबल म्हणाला.

"शाळेत माणसांका नाय म्हटलास. हयसर देवाक व्हय म्हटलास. दोघांत मोठो कोण, ता तूच सांग."

बाबल समुद्रावर जाणारा माणूस. देवाला दिलेला शब्द मोडून दुसऱ्या दिवशी होडी पाण्यात घालायची हिंमत त्याच्या वाडीत कुणाला नव्हती. आप्पांना हे पुरतं ठाऊक होतं. मला अजूनही राग येतो तो याचाच. भांडून घेतलं असतं, दमदाटी केली असती, तर समजू शकले असते. त्यांनी लोकांच्या श्रद्धेचीच दोरी करून त्यांचे हात बांधले, आणि वर प्रसाद वाटला.

मी अण्णांकडे गेले. ते पायरीवर बसले होते. हातातल्या खडीसाखरेकडे बघत होते.

"मी व्हय म्हटलंय, वसू?"

"दोनदा म्हटलास."

"कायच कळला नाय माका."

"मगे तसा सांगा ना तेंका. उठा. तुमी काय बोललास ता तुमका म्हायत नव्हता."

"म्हायत नव्हता. पण तोंड माझाच होता."

"अण्णा, तेंनी फसवल्यानी तुमका."

"माका फसवल्यानी. देवाक खय फसवल्यानी? देवाक मी शब्द दिलंय." त्यांनी खडीसाखर तोंडात टाकली नाही, खिशातही ठेवली नाही. तशीच मुठीत धरली. "शब्द मागे घेवची रीत नाय आपली."

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या दारांना सरळ चौकटी बसवून दिलेला हा माणूस, आणि स्वतःची बाजू त्याला सरळ उभी करता येईना. आप्पांचा राग होताच, पण त्या क्षणी अण्णांचाही आला. एवढंही भाबडं असू नये माणसाने.

एवढ्यात आप्पांनी हाक मारली, "मेस्त्र्यांनू, चला. पयली खुंटी तुमच्या हातान. तो तुमचो मान."

हा तर कहर होता. पण रीतच तशी होती. या मंडपाच्या लाकडाला मेस्त्र्यांच्या घराचा हात आधी लागल्याशिवाय दुसऱ्याने हत्यार लावायचं नाही. आप्पांना मंडप विकायला रीत आडवी आली नाही, पण खुंटी काढायला रीत हवी होती. उद्या कुणी दोष द्यायला नको. ट्रकमधून माणसं उतरली, दोर आणि पहारी घेऊन. एकाने अण्णांपुढे हातोडा धरला. अण्णांनी तो हाताने बाजूला केला.

"लोखंड नको," ते म्हणाले. "आणि आधी गाऱ्हाणा घालूचा लागात. लाकडाची माफी मागूक होयी."

आमच्या घरात झाड तोडायच्या आधी असं गाऱ्हाणं घालतात. झाडाला सांगायचं की बाबा, गरज म्हणून हात लावतो, राग धरू नको. लहानपणी मी अण्णांबरोबर रानात जायची तेव्हा ते मला तोंडपाठ झालं होतं.

"घाला, पण बेगीन," आप्पा म्हणाले आणि घड्याळाकडे बघितलं. सबनीसांना दुपारी कुठेतरी पोचायचं होतं.

अण्णा सेतूच्या देखाव्याखालच्या खांबापाशी गेले. बुधाजी गुरवाने त्यांच्या हातात नवा नारळ दिला. सगळे पुरुष पुन्हा हात जोडून उभे राहिले. मुंडी खाली घालून, अपराधी चेहऱ्याने, पण उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा," अण्णांचा आवाज बसका होता, "ह्या लाकडाक माझ्या आज्यान हात लावलो, तेच्या मागसून माझ्या बापाशीन."

"व्हय म्हाराजा."

"माझ्या हातान हेका आजपर्यंत फकस्त तेल लागला."

"व्हय म्हाराजा."

"आज ह्याच हातान..."

पुढे त्यांना बोलवेना. नारळ छातीशी धरून ते उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. माझे वडील रडताना मी त्याआधी फक्त आई गेली तेव्हा पाहिले होते. अख्खा गाव बघत होता. आप्पा म्हणाले, "बरा बरा, पोचला देवाक. चला."

"पोचला कसा?" बुधाजी गुरव म्हणाला. म्हातारा आयुष्यभर आप्पांच्या शब्दाबाहेर गेला नव्हता, पण देवाच्या कामात कसर त्याला खपत नसे. "गाऱ्हाणा अर्धा ऱ्हवला. अर्धा टाकलास तर गावाक भोवतला. मेस्त्र्याच्या घरचा दुसरा कोण आसा, तेनी पुरा करूचा."

"मी आसंय," मी म्हणाले.

मी हे ठरवून म्हटलं नव्हतं. बुधाजीने प्रश्न विचारला होता आणि त्याला तेवढं एकच उत्तर होतं. मी पायरी चढून वर गेले. बायकांपैकी कुणीतरी माझा पदर ओढला, तो मी सोडवून घेतला. बुधाजी क्षणभर घुटमळला, देवाकडे बघितलं आणि बाजूला झाला. आप्पांनी वैतागून हात हलवला. करा एकदाचं काय ते, असा त्याचा अर्थ होता. ते सबनीसांशी हळू आवाजात ट्रकबद्दल काहीतरी बोलू लागले.

मी अण्णांच्या हातातला नारळ घेतला. तो घामाने ओला झाला होता. इतका राग मला त्याआधी आला नव्हता आणि पुढेही कधी आला नाही. पण अण्णांच्या गाऱ्हाण्याचा सूर माझ्या कानात होता, आणि तो सूर लागला की आवाज कापत नाही.

"आज ह्याच हातान तुझ्या मांडवाची खुंटी काढूक सांगतत, म्हाराजा."

क्षणभर काहीच झालं नाही. बाईचा आवाज त्या जागी कुणी ऐकलाच नव्हता. मग सूर खाली आला तसा मागून होय आला, आधी चारदोघांचा, मग सगळ्यांचा. "व्हय म्हाराजा."

"सकाळी आमच्या तोंडातसून जा व्हय काढून घेतल्यानी, ता आमचा नव्हता."

"व्हय म्हाराजा."

"आमी ऐकूक नव्हता, म्हाराजा. सवयीन बोललंव. ता व्हय तुझ्या पायाकडसून उचल आणि आमका परत दी."

"व्हय म्हाराजा."

"हो मांडव तुझो. तो तुझ्या दारातच ऱ्हवांदे."

"व्हय म्हाराजा."

"जो कोण तेची खुंटी काढूक हात घालीत, तो ह्या गावचो नाय आणि तुझो पण नाय."

"व्हय म्हाराजा."

त्या शेवटच्या होयमध्ये सगळ्यांच्या वर एक आवाज होता. भरदार, सुरेल, बाकीच्यांपेक्षा किंचित आधी निघालेला. आयुष्यभर गावाला होय म्हणायला शिकवलेला तो आवाज मी डोळे मिटूनही ओळखला असता. आप्पा सबनीसांशी बोलता बोलता, घड्याळावर नजर ठेवून, हात जोडून होय म्हणाले होते.

मी नारळ बुधाजीकडे दिला. त्याने तो फोडला. फोडल्यावर मग त्याच्या लक्षात आलं आणि तो हातातल्या दोन वाट्यांकडे बघत राहिला.

"ह्या काय चल्ला हा?" आप्पा म्हणाले. त्यांच्या कानात शब्द आता शिरत होते. चेहरा लाल झाला. "बायलमाणसाचा गाऱ्हाणा धरूचा नाय. ह्या गावात कधी झाला नाय असा. बुधाजी, ह्या गाऱ्हाणा झालाच नाय."

अण्णा खांबाला टेकून उभे होते. त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं आणि सरळ आप्पांपुढे येऊन उभे राहिले. मेस्त्री आणि मानकरी, दोघे एकाच वयाचे, पण अण्णांनी त्यांना आप्पानू आणि तुमी याशिवाय कधी हाक मारली नव्हती.

"मगे तू व्हय कित्याक म्हटलंस, आप्पा?"

मागे तांडेलवाडीच्या घोळक्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरा हसला. आणि मग ते हसणं मंडपभर पसरलं. पायरीखालच्या बायका तर पदर तोंडात कोंबून हसत होत्या. आप्पांनी एकेकाकडे रागाने बघितलं, पण हसणाऱ्या माणसाला देवाची भीती घालता येत नाही.

"गावकर, नक्की काय ठरलं?" सबनीसांनी विचारलं. त्यांना मालवणी कळत नव्हती. थोड्या वेळाने ट्रकवाल्यांनी आपणहून दोर गोळा केले.

लोक नंतर ही गोष्ट माझ्या हुशारीची म्हणून सांगू लागले. मला ते मुळीच आवडत नाही. मी काही डाव टाकला नव्हता. आप्पा काय करतात ते मी देवाला सांगत होते, तेही जितकं सावकाश आणि स्पष्ट बोलता येईल तितकं. खरं तर त्या सकाळी मला आनंदही झाला नाही. आप्पा निघून गेल्यावर बाबल तांडेल हसत हसत माझ्याकडे आला.

"वसू, काय बोललंस गो तू! एकदम बरा बोललंस."

"काय बोललंय?"

"म्हंजे?"

"मी काय बोललंय, ता सांग माका. तू व्हय म्हटलंस ना प्रत्येकाक? मगे सांग."

त्याने डोकं खाजवलं. "ता मांडवाचा काय ता... दारात ऱ्हवांदे म्हणान..."

"आणि?"

"अर्धा ऐकलंय मी," तो शेवटी म्हणाला.

"मी मांडव दर्यात ढकला म्हटलंय असतंय, तरी तू व्हय म्हटलं असतंस."

तो माझ्याहून वयाने मोठा, पण मी त्याला सोडलं नाही. त्यालाच नव्हे, तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना मी तोंडावर सांगितलं. आप्पा लबाड, हे तर खरंच. पण ते काही अंधारात येऊन खुंटी उपटत नव्हते. भर सकाळी, ढोलाच्या तालावर, मोठ्या आवाजात सांगून मंडप घेऊन चालले होते. तुम्ही हात जोडून कान बंद केलेत, म्हणून त्यांचं फावलं. आणि आज माझं फावलं तेही त्याचसाठी. याची मला लाज वाटते, तुम्हाला वाटते का? तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. कुणी मला बायलमाणूस म्हणूनही गप्प केलं नाही. बाबल मान खाली घालून शिडी धरायला गेला.

अण्णा तोपर्यंत शिडी लावून वर चढले होते. आम्ही दोघांनी त्या दिवशी अंधार पडेपर्यंत तेल लावलं. घरी आल्यावर हात धुता धुता अण्णा एवढंच म्हणाले, "ह्याच्या फुडे मी गप ऱ्हवतलंय गाऱ्हाण्याक. आधी सगळा ऐकतलंय, मगे बघतलंय." आणि ते शेवटपर्यंत तसेच वागले. सगळे होय म्हणायचे आणि अण्णांचा होय मागून एकटाच यायचा. कधी कधी यायचाच नाही.

पहिल्या वर्षी लोकांना ते विचित्र वाटलं. दुसऱ्या वर्षी बाबलचाही उशिरा येऊ लागला. मग तांडेलवाडीचा. असं होत होत सगळ्या गावाचाच होय एका श्वासाने मागे सरला. शेजारच्या गावचे पाहुणे जत्रेला येतात तेव्हा त्यांना चुकल्यासारखं होतं. ते सवयीने आधी होय म्हणून बसतात आणि मग एकटेच पडतात. हडवेळचे लोक बथ्थड आहेत असं ते म्हणतात. म्हणोत.

अण्णा गेले, आप्पाही गेले. मंडपाला तेल लावायला मी दर वर्षी जाते. नवे मानकरी आप्पांचे चिरंजीव उदय. वागायला नम्र आहेत. आवाज वडिलांसारखाच, सुंदर. गेल्या जत्रेला त्यांनी गाऱ्हाणं घातलं. पोराबाळांचं सुख मागितलं, होड्यांची खुशाली मागितली आणि त्याच सुरात, त्याच गतीने म्हणाले की दर्याकडची देवाची कातळाची जागा गाड्या लावायला देत आहोत, ती गोड मानून घे.

सूर खाली आला. उदय थांबले. होय आला नाही. समुद्राचा आवाज येत होता, आणि पायरीखालच्या बायकांसकट सगळा गाव त्यांच्याकडे बघत होता. मग पांढऱ्या केसांचा बाबल तांडेल काठी टेकत पुढे आला, कानामागे हात धरला आणि म्हणाला, "उदयानू, ता गाडयेचा काय ता परत एकदा सांगा. सावकाश सांगा."